फेलिक्स, पण कुठला?

औषधाच्या दुकानात एकवीस वर्षं काढलेल्या थोरलीचा एक नियम होता आणि त्यातून तिने देवालाही सूट दिली नसती. नुसत्या नावावर औषध द्यायचं नाही. नाव, जन्मतारीख, पत्ता, तिन्ही जुळलं तरच पुडी हातात. एकाच नावाची दोन माणसं, एकाच्या गोळ्या दुसऱ्याला, या विचारानेच ती प्रत्येक पुडी दोनदा तपासायची. गिऱ्हाइकं वैतागायची. समोरच्या घरातली म्हातारी तर म्हणायची, अगं मी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय, मला कसली जन्मतारीख विचारतेस? थोरली हसायची आणि तरी विचारायचीच.

आणि अशा या बाईने सख्ख्या बापाला एवढासा प्रश्न विचारला नाही. दवाखान्याच्या खाटेवरून बाबा म्हणाले होते, "दगडावर माझा संत घाल. माझा, हं." थोरली तेव्हा दुकानातल्या पांढऱ्या कोटाची बटणं लावत होती. वीस मिनिटांत दुकानात तिची कामाची पाळी सुरू व्हायची होती. "हो बाबा, घालते," असं म्हणून, त्यांच्या कपाळावर हात टेकवून ती निघाली. तिसऱ्या दिवशी बाबा गेले. बाबांनी तिच्याकडे आयुष्यात मागितलेली ती बहुधा शेवटची गोष्ट होती, आणि ती तिला अगदी सोपी वाटली होती.

थडग्याचे दगड कोरणाऱ्याची शेड गावाबाहेरच्या रस्त्यावर होती. आत ओली वाळू, पांढरी धूळ आणि एक धूळ खाऊन घसा बसलेला रेडिओ. दगडवाल्याची रीत ठरलेली होती: वर मेलेल्याच्या नावाच्या संताची खूण, खाली नाव आणि दोन तारखा, बाकी पाल्हाळ नाही. खूण आधी, अक्षरं मग. खूण किती खोल बसते त्यावरून तो अक्षरांची खोली ठरवायचा. थोरलीने ऐटीत सांगितलं, संत फेलिक्स. दगडवाल्याने रेडिओ बंद केला आणि विचारलं, "कुठला?"

थोरलीला वाटलं, हा चेष्टा करतोय. पण तो खडू घेऊन फळीवर खुणा काढायला लागला. एक फेलिक्स कोळ्याच्या जाळ्याचा: पडक्या भिंतीआड लपला, कोळ्याने तोंडावर जाळं विणलं, शिपाई जाळं बघून म्हणाले इथे कोण शिरणार, आणि पुढे गेले. दुसरा ग्रंथांचा: बिशप होता, राजाची माणसं धर्मग्रंथ जाळायला मागायला आली, तर म्हणाला, आहेत माझ्याकडे, पण देणार नाही. मान गेली, ग्रंथ दिले नाहीत. तिसरा सैनिक, त्याला तलवार. आणखीही होते, पण एवढ्यांचीच गिऱ्हाइकं येतात, असं तो म्हणाला. ते सगळे जुने, इसवी सनाच्या पहिल्या तीनचारशे वर्षांतले. त्या काळी लोकांना नावांची फारच टंचाई असावी.

एकदा त्याने न विचारता सैनिक कोरला होता आणि निघाला ग्रंथवाला. दगड उलटा करून मागच्या बाजूला पुन्हा कोरावा लागला. तो दगड अजून दफनभूमीत उभा आहे, पुढून बिशपचं उघडं पुस्तक आणि पाठीमागे तलवार. तेव्हापासून तो विचारल्याशिवाय छिन्नी उचलत नाही. शुक्रवारी सकाळपर्यंत कळलं तर शनिवारी दगड बसेल, त्यानंतर कळलं तर पुढचा महिना.

पुढचा महिना चालणार नव्हता. आई रविवारी धाकट्याकडे कायमची राहायला निघाली होती, दोन दिवसांच्या प्रवासावर. तिचे गुडघे बघता ती परत हे थडगं बघायला येईल अशी आशा कुणीच धरली नव्हती, तिने तर नाहीच. म्हणजे शनिवार गाठायचा होता. हा सोमवार होता.

आई घरी ट्रंकेत साड्या भरत होती. थोरलीने विचारलं तशी ती मान वरसुद्धा न करता म्हणाली, जाळ्याचा. त्यात विचारायचं काय? त्यांचा जन्म वर्षाच्या सुरुवातीचा, त्याच दिवसांत त्या संताचा दिवस. शिवाय या माणसाने आयुष्यात घरातलं एक जाळं झाडू दिलं नाही. केरसुणी वर नेली की म्हणायचा, राहू दे, उपयोगी जीव आहे. थोरलीच्या मते हा भक्तीपेक्षा आळसाचा पुरावा होता, पण तिने तो नोंदवून घेतला. दुकानातल्या चिठ्ठीवर तिने लिहिलं: जाळं, आई, खात्रीने.

संध्याकाळी धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, सैनिक. बाबांच्या गळ्यातलं पदक आठवत नाही का? त्यावर तलवारच होती. थोरलीला आठवलं. पण तिला हेही आठवलं की ते पदक धाकट्यानेच शाळेच्या सहलीतून आणलं होतं आणि दुकानात तेवढं एकच शिल्लक होतं. हे ऐकून धाकटा म्हणाला, तरी बाबांनी घातलं ना? दुसरी चिठ्ठी: तलवार, धाकटा, पुरावा कच्चा.

मंगळवारी ती चर्चमध्ये गेली. पाद्रीबाबा वयस्कर, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारे. त्यांनी एक जाडजूड संतकोश टेबलावर आपटला आणि फेलिक्स हे पान उघडलं. पान कसलं, पानंच्या पानं. साठाहून जास्त फेलिक्स, कुणी भावांबरोबर मेलेला, कुणी आईबरोबर, कुणाबद्दल फक्त नाव आणि दिवस, बाकी काही ठाऊक नाही. पाद्रीबाबा आनंदाने वाचत सुटले आणि थोरलीच्या डोक्याचा भुगा झाला. यातले काही बहुतेक एकच असावेत, पाद्रीबाबा म्हणाले, एकाची गोष्ट दुसऱ्याला चिकटलेली, आणि एकाचे दोन झालेले तर कितीतरी. थोरलीला दरदरून घाम फुटला. तिच्या दुकानात असं झालं असतं तर माणसं दगावली असती.

शेवटी तिने विचारलं, बाबांचा कुठला? पाद्रीबाबांनी कोश मिटला. ग्रंथांचा, ते म्हणाले, यात शंकाच नाही. बाबा जन्मभर पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होते ना? दर पानगळीला त्या संताच्या दिवशी ते येऊन मेणबत्ती लावायचे, चाळीस वर्षं एकदाही चुकले नाहीत. जाळ्यावाल्याच्या दिवशी? त्या दिवशी ते कधी दिसले नाहीत. उलट एकदा पाद्रीबाबांनी प्रवचनात त्या जाळ्याची गोष्ट सांगितली तेव्हा बाबा मधूनच उठून बाहेर गेले होते. पोट बिघडलं असेल, असं पाद्रीबाबांना वाटलं होतं.

तिसरी चिठ्ठी लिहून थोरली घरी आली तेव्हा तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. ज्या माणसाबरोबर ती एका घरात वाढली, ज्याला चहात किती साखर लागते हे तिला झोपेतही सांगता आलं असतं, त्याच्याबद्दल तिघे तीन गोष्टी सांगत होते आणि तिघेही शपथेवर. तिला बाबांचा रागच आला. मग दवाखान्यातल्या त्या कोटाच्या बटणांची आठवण आली आणि राग जिथल्या तिथे आपल्यावरच उलटला.

बुधवारी सुट्टी टाकून तिने घरातली पुस्तकं काढली. कारखान्यात एक पद्धत होती. प्रत्येक कारागीर आपण बांधलेल्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत, कोपऱ्यात, पेन्सिलीने आपली खूण आणि साल टाकायचा. बांधणी उसवली तर कुणाला झापायचं हे मुकादमाला कळायला हवं, म्हणून. घरात बाबांनी आणलेली चार पुस्तकं होती. आईची प्रार्थनेची पोथी, लग्नाच्या सालातली: खूण कोळ्याचं जाळं. नकाशांचं पुस्तक, थोरलीच्या जन्माच्या आदल्या सालचं: जाळं. फोटोंचा अल्बम, ती पाच वर्षांची असतानाचा, तिच्या डोळ्यांदेखत बाबांनी बांधलेला: उघडं पुस्तक.

म्हणजे आईही खरी आणि पाद्रीबाबाही खरे. बाबांनी मधेच संत बदलला होता. पण संत म्हणजे काय खोकल्याचं औषध आहे, या कंपनीचं लागू पडलं नाही तर त्या कंपनीचं? आणि औषधसुद्धा कुणी उगाच बदलत नाही, काहीतरी झालेलं असतं. ते काय, हे काही तिला सुचेना.

चौथं पुस्तक शब्दकोश. त्यावरचं साल नकाशांच्याच पुस्तकाचं, थोरलीच्या जन्माच्या आदलं. खूण मात्र उघडं पुस्तक. ती चक्रावली. एकाच वर्षी एकच माणूस दोन खुणा करतो? तिने अल्बम आणि शब्दकोश शेजारी ठेवले. शब्दकोशातलं पुस्तक दोन सफाईदार रेघांत काढलेलं. अल्बमातलं चाचपडत, खोडून पुन्हा काढलेलं, जणू दुसऱ्याची सही गिरवली होती. दोन वेगळे हात. एकवीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात घालवलेल्या बाईला एवढं तरी कळणारच.

मागच्या खोलीत काका छत्री दुरुस्त करत बसले होते. हे काका म्हणजे बाबांचे सख्खे भाऊ नव्हेत, चुलत नव्हेत, कुणीच नव्हेत. बाबांचे कारखान्यातले जुने मित्र. थोरली चार वर्षांची असताना बाबा त्यांना घरी घेऊन आले आणि ते मागच्या खोलीत राहिले ते राहिलेच. मुलांचे ते काका, आईचे भाऊजी, बाबा त्यांना नुसतं "अरे" म्हणायचे. छत्र्या दुरुस्त करायच्या, संध्याकाळी बाबांबरोबर पायरीवर बसायचं, फारसं बोलायचं नाही. आजारी पडायचे नाहीत, पडले तर सांगायचे नाहीत. तिने शब्दकोश त्यांच्यापुढे उघडून धरला आणि विचारलं की ही खूण कुणाची.

काकांनी छत्रीची काडी खाली ठेवली. त्यांनी त्या कोपऱ्यावर बोट टेकवलं.

"माझी," ते म्हणाले.

थोरलीच्या तोंडून जे बाहेर पडलं ते निव्वळ सवयीने. "काका, तुमचं नाव काय?"

विचारल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावातल्या निम्म्या माणसांची नावं तिने पुड्यांवर लिहिली होती, आणि सदतीस वर्षं एका ताटलीतली भाकरी खाल्लेल्या माणसाचं नाव तिला ठाऊक नव्हतं. काकांना मात्र हसू आलं. बाबांचं जे नाव तेच माझं, ते म्हणाले. एका घरात एकाच नावाचे दोघे, हाक मारली की दोघे ओ देणार, म्हणून मी आपलं नाव बाहेर ठेवूनच आत आलो.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कारखान्यात एकाच नावाचे दोन तरुण, शेजारशेजारच्या टेबलांवर. मुकादमाने संतांवरून वाटणी केली: एकाची खूण जाळं, दुसऱ्याची पुस्तक. बाबांचं जाळं, काकांचं पुस्तक. त्या काळात काही पत्रकांवर बंदी होती. बाबा ती पत्रकं अंकगणिताच्या पुस्तकांच्या मधे घालून बांधायचे. कुणाला पत्ता नव्हता. पण हाताला लागलेली सवय वाईट. बंदी असलेली पत्रकं लपवून बांधलेल्या पुस्तकाच्या मागेसुद्धा बाबांनी नेहमीसारखी पेन्सिलीने खूण टाकली. चांगल्या कारागिराशिवाय असली चूक कुणाला जमली नसती.

सरकारी माणसं आली. त्यांच्या हातात ते अंकगणित होतं. मुकादम म्हणाला, खूण फेलिक्सची. त्यांनी विचारलं, कुठला फेलिक्स?

"मुकादमाने सांगायच्या आत मी उठलो," काका म्हणाले. "तू नऊ दिवसांची होतीस. माझं कोण होतं?"

त्यांनी काकांना कागद देऊन जाळं काढून दाखवायला लावलं. काकांनी ते काढलं, रोज शेजारी बघत होतेच. चार वर्षं ते तुरुंगात होते. बाबांना तेव्हापासून जाळं काढायची सोय राहिली नाही, कारण जाळ्यावाला तर आत होता. म्हणून त्यांनी काकांचं पुस्तक घेतलं, आणि काकांच्या संताच्या दिवशी काकांची मेणबत्ती लावायला लागले.

"बाबा तिथेच होते?" थोरलीने विचारलं. "काही बोलले नाहीत?"

"हातात खळीचा ब्रश होता त्याच्या. उठणारच होता. मी आधी उठलो."

"उठणार होते?"

"होता," काका म्हणाले, जरा जास्तच घाईने, आणि छत्रीची काडी पुन्हा हातात घेतली.

आता सगळं कळलं होतं आणि थोरलीचा गोंधळ होता त्याच्या दुप्पट झाला होता. माझा, हं, असं बाबा म्हणाले होते. माझा म्हणजे जन्माबरोबर मिळालेला, की चाळीस वर्षं जपलेला? पुस्तक कोरलं तर बाबा दगडाखालीसुद्धा लपलेलेच राहणार. जाळं कोरलं तर काकांनी चार वर्षं भोगून जी गोष्ट झाकली ती दगडावर उघडी पडणार. आता त्या बंदीला विचारतंय कोण, सरकारंसुद्धा तीनदा बदलली. पण ती गोष्ट काकांची होती आणि ती उघडायचा हक्क आपल्याला आहे की नाही हे तिला ठरवता येईना. गुरुवारभर तिने दुकानात तीन वेळा चुकीचा खण उघडला. मालकाने विचारलं, बरं आहे ना? ती म्हणाली, हो, आणि चौथ्यांदा चुकीचा खण उघडला.

रात्रीच्या जेवणाआधी तिने काकांना सरळ विचारलं. काकांनी सरळ सांगितलं, पुस्तक घाल. जाळं कोरलंस तर मग मी गेलो कशाला होतो? तुझी आई निर्धास्त जाऊ दे. त्यांचा आवाज चढला होता. थोरलीने त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. तिने मान डोलावली आणि मग, लपवण्यात अर्थ नव्हता म्हणून, बाबांचे दवाखान्यातले शब्द जसेच्या तसे सांगितले. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, विचारायचं राहून गेल्याची लाज वाटत होती म्हणून.

"माझा, हं, असं म्हणाला?" काकांनी विचारलं.

"हो."

"हं लावून?"

"हो, काका."

काका भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांचे खांदे हलत होते. थोरली घाबरली, जवळ गेली, तर ते हसत होते की रडत होते हे तिला सांगता आलं नसतं आणि बहुधा त्यांनाही नाही. सदतीस वर्षं, ते म्हणाले, सदतीस वर्षं पायरीवर शेजारी बसला आणि एका शब्दाने बोलला नाही, आणि आता दगडावर बोलायचंय गाढवाला. मग डोळे पुसून त्यांनी कागद मागितला.

"उसनं घेतलं होतं मी," ते म्हणाले. "परत करतो."

त्यांनी आठ धागे काढले, त्यांवर गोल फेऱ्या घातल्या, आणि खालच्या डाव्या अंगाचा एक धागा मधेच तुटका सोडला. थोरलीने पोथी उघडून पडताळून पाहिलं. हुबेहूब. पोथीतल्या जाळ्यातही तोच धागा तुटका होता. तिने कारण विचारलं, तर म्हणाले, तुझा बाप कायम घाईत असायचा. मग तिच्या कोटाकडे बघून म्हणाले, तुझ्यासारखाच.

शुक्रवारी सकाळी दगडवाल्याने कागद उजेडात धरला, तुटक्या धाग्यावर बोट ठेवलं आणि हा नीट जोडून घेऊ का असं विचारलं. थोरली म्हणाली, हात लावू नका. त्याने खांदे उडवले, रेडिओ लावला आणि छिन्नी उचलली.

शनिवारी दगड बसला. वारा होता, आईने पदर दोन्ही हातांनी आवळून धरला होता. तिने जाळ्याकडे बघितलं, मी सांगितलं नव्हतं का, असं म्हणाली, आणि थोरलीला हायसं वाटलं. आईला काही ठाऊक नव्हतं, हे एक बरं झालं. मग आई गुडघे सांभाळत वाकली आणि तिने तुटक्या धाग्यावरून बोट फिरवलं.

"हे यांनी काढलेलं नाही," ती म्हणाली. "यांच्या तुटक्या धाग्याचं टोक जरासं वर जायचं."

थोरलीच्या डोक्यात सगळं पुन्हा उलटंपालटं झालं: आईला किती माहीत होतं, कधीपासून, आणि सदतीस वर्षं काकांच्या ताटात भाकरी वाढताना प्रत्येक वेळी ती न बोलता त्यांना काय म्हणत होती. काका दोन पावलं मागे उभे होते, टोपी हातात घेऊन, नेहमीसारखे. आई सरळ झाली, दगडाला पाठ केली आणि तिने नावाने हाक मारली.

थोरलीने आधी दगडाकडे बघितलं. आई उद्या निघायची आहे, म्हणून बाबांचा निरोप घेत असेल, असंच तिला वाटलं. पण आईची नजर काकांवर होती, आणि तिने पुन्हा तेच नाव घेतलं, जरा मोठ्याने, वाऱ्यात ऐकू जावं म्हणून.

काकांना उमजायला थोडा वेळ लागला. त्यांनीही एकदा दगडाकडे बघून घेतलं, तिकडून काही उत्तर येतंय का म्हणून. मग त्यांनी ओ दिली.